मुंबईत उरलंय काय म्हणे!

परळची_लेक
काल एका पुणेकर गृहस्थांनी लिहिलं की मुंबई म्हणजे गेटवे, मरीन ड्राइव्ह आणि घाम, एका दिवसात उरकते. बंदर न्हावाशेवाला गेलं, गिरण्या संपात गेल्या, आयटी हिंजवडीत आलं, "आणि मासेसुद्धा आता पुण्यात मिळतात." खाली अंगठ्यांची ही रांग.

माझं माहेर परळ, सासर पुण्याचं सहकारनगर. दोन्हीकडचे टोमणे खाऊन पचवलेत, पण हे नाही पचलं.

१९८९ ला न्हावाशेवाला गेले ते कंटेनर. अख्खं बंदर नाही गेलं. मुंबईची इंदिरा गोदी १९१४ ची, दार लावलेल्या हौदासारखी. दार उघडायचं, जहाज आत घ्यायचं, दार लावायचं. कंटेनरला मोकळं मैदान लागतं, मागे मोकळा रस्ता लागतो. मस्जिद बंदरला हातगाडी वळवायची तर चार जणांना शिव्या घालाव्या लागतात. म्हणून ते पलीकडे गेले. पण माहुलच्या रिफायनऱ्यांचं कच्चं तेल आजही बंदरातल्या जवाहर द्वीपालाच उतरतं, आणि पुण्याजवळच्या लोणी काळभोरच्या टाक्यांत मुंबईहून नळानं पेट्रोल येतं. तेव्हा अ‍ॅक्टिव्हाला किक मारताना जरा आठवण ठेवा.

बघायचंच असेल तर पहाटे पाचला ससून डॉकला जा. १८७५ ची गोदी. होडीतून टोपल्या हातोहात वर येतात, लिलाव बोटांच्या खुणांवर चालतो, आणि बाया ओळीनं बसून कोळंबी सोलतात, नजर वर न करता. चपला जुन्या घाला. युनेस्कोच्या यादीतल्या तीन जागा या एका शहरात आहेत: घारापुरी, सीएसएमटी आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती. एका दिवसात उरकून दाखवाच.

निवांत_नारायणपेठ
ते गृहस्थ मीच. घारापुरी रायगड जिल्ह्यात येते, तालुका उरण. म्हणजे तीन नव्हे, दोन. बाकीचं सावकाश वाचतो.

परळची_लेक
बरं बाबा, दोन. बोट मात्र गेटवेवरूनच सुटते, उरणच्या एसटी स्टँडवरून नाही.

निवांत_नारायणपेठ
आणि अ‍ॅक्टिव्हाला बटण असतं.

डिस्पॅच_चाकण
काका, थोडं माझंही ऐका. मी चाकणच्या कारखान्यातून रोज गाड्या पाठवतो. सुटे भाग कंटेनरमधून न्हावाशेवाला जातात, बरोबर. पण परदेशी जाणाऱ्या आख्ख्या गाड्या मुंबई बंदरात जातात. तिथे ड्रायव्हर एकेक गाडी चालवत जहाजाच्या पोटात नेऊन लावतो. एकदा आत जाऊन बघितलंय, आपल्या मॉलचं पार्किंग बरं म्हणायची वेळ येते. म्हणजे बंदर बंद तर चाकण बंद.

आता माझं दुखणं. मागच्या पावसाळ्यात आमचा ट्रेलर खंडाळ्याच्या घाटात अकरा तास उभा. जहाज चुकलं. साहेब मला विचारतात, घाट का अडला? मी काय घाटाचा मॅनेजर आहे?

पासधारक_२२_वर्षं
घाटाचं नाव काढलंत म्हणून. डेक्कन क्वीन १९३० पासून धावतेय. मी बावीस वर्षं पास काढला, रोज जाऊन-येऊन सात तास. पगार फोर्टात, भाजी मंडईत. असे किती तरी पुणेकर. पुण्यातले निम्मे फ्लॅट मुंबईच्या पगारावर उभे आहेत, लिहून घ्या.

निवांत_नारायणपेठ
"निम्मे" कुठे मोजलेत? आकडा द्या.

पासधारक_२२_वर्षं
आमच्या सोसायटीत मोजले. सोळापैकी नऊ.

वसईची_सून_औंधात
बाकीचं सगळं जाऊ द्या. "मासे पुण्यात मिळतात" हे कोणत्या तोंडानं लिहिलंत? गणेश पेठेत जाते मी, ओळखीचा माणूस आहे, चांगला आहे बिचारा. पण बोंबील! बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. सकाळी उतरला तर दुपारच्या आत तव्यावर पडला पाहिजे. बर्फात घाट चढून आलेला बोंबील तव्यावर टाकला की लगदा होतो.

कोथरूड_मत्स्यप्रेमी
ताई, दोन पाट्यांत दाबून पाणी काढा. वर वरवंटा ठेवा. मग नाही होत लगदा.

वसईची_सून_औंधात
मला शिकवताय? पाणी ताज्याचं काढतात. शिळ्याचं काढलं तर उरतं काय?

कोथरूड_मत्स्यप्रेमी
आमच्याकडे सुरमई तर एकदम ताजी मिळते हं. जुलैत सुद्धा.

वसईची_सून_औंधात
जुलैत!! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते, भाऊ. तुमची सुरमई कोल्ड स्टोरेजमधली. तिला ताजी म्हणालात तर आमच्याकडे जेवायला बोलावणार नाही.

निवांत_नारायणपेठ
आम्ही शाकाहारी आहोत.

परळची_लेक
मग माशांबद्दल लिहिलंत कशाला???

निवांत_नारायणपेठ
ऐकीव होतं. ते वाक्य मागे घेतो. फक्त तेवढंच.

गोदीवाल्याचा_नातू
चेष्टा चाललीय, चालू द्या. पण "बंदर गेलं" हे ज्या सहजतेनं लिहिलंत, ते खटकलं. आजोबा साताऱ्याहून गोदीत आले, पाठीवर पोती वाहायला. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा ते भायखळ्याला खोलीवर होते, तापानं. म्हणून वाचले. जहाजात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा होत्या. लोक विटांच्या गोष्टी सांगतात. आजोबा फक्त कापसाची सांगायचे, जळत्या गाठी आकाशातून पडत होत्या म्हणून. ६६ अग्निशामक जवान गेले. हमाल किती गेले ते त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

पुढे कंटेनर आले. क्रेन एका पाळीत जे उतरवते त्याला आजोबांच्या टोळीला आठवडा लागायचा. वडील गोदीत लागलेच नाहीत, पुण्यात मार्केट यार्डात आले. पोतं तेच होतं, फक्त समुद्र नव्हता.

निवांत_नारायणपेठ
हे माहीत नव्हतं. खरंच.

तरी माझा मुद्दा राहतोच. एवढं मोठं बंदर, पण सामान्य माणसाला दिसतं कुठे? पूर्व किनाऱ्याला भिंती आणि फाटकं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली तेव्हा तेवढी जहाजं दिसली. जे बघू देत नाहीत ते प्रेक्षणीय कसं?

परळची_लेक
हे मात्र खरंय, आणि तुमच्याकडून यावं याचा रागही येतोय. आम्ही परळला वाढलो, शिवडीचा किनारा हाकेवर. फ्लेमिंगो येतात तिथे. मी पहिल्यांदा बघितले ते लग्नानंतर, पुण्याच्या पाहुण्यांना दाखवायला नेलं तेव्हा.

डिस्पॅच_चाकण
पुढच्या शनिवारी मी ट्रेलरबरोबर बंदरात जातोय. फाटकापर्यंत कोण येणार असेल तर सांगा. काका?

निवांत_नारायणपेठ
किती वाजता निघायचं?

डिस्पॅच_चाकण
रात्री दीडला.

निवांत_नारायणपेठ
डेक्कन क्वीननं येतो.

वसईची_सून_औंधात
येताना कुणी ससूनवरून बोंबील आणणार असेल तर मला मेसेज करा. डबा मी देते, बर्फ नको.