ट्यूब कुठली लावू?

कदम वहिनी (बी-३०२): नमस्कार. ओमच्या मांडीवर गोल लाल चट्टे आलेत, कडेला बारीक पुळ्या. रात्रभर खाजवतो. कोणाला चांगली ट्यूब माहीत आहे का? या पावसात दवाखान्यात जाणं नको वाटतं.

साठे काका (ए-१०४): गजकर्ण आहे ते. साबण लावून दोन वेळा खसाखसा अंघोळ घाला. हल्लीची मुलं अंगावर नुसतं पाणी ओतून बाहेर येतात.

कदम वहिनी: काका, तो दोनदाच करतो अंघोळ. बॅडमिंटनहून आला की तिसरी.

शिंदे (सी-२०१): वहिनी, मेडिकलवाल्याला सांगा, तो देतो बरोबर. दोन दिवसांत गायब! मी दरवर्षी तीच लावतो.

डॉक्टर ताई (ए-४०३): शिंदे दादा, "दोन दिवसांत गायब" आणि "दरवर्षी" हे तुमचंच पुन्हा एकदा वाचा 🙂 ओपीडी संपली की लिहिते. वहिनी, तोवर काही लावू नका.

सेक्रेटरी (बी-१०१): हा ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. उद्या सकाळी पाणी एक तास उशिरा येईल.

मोरे (सी-४०४): आज पण उशिराच आलं होतं, साहेब.

डॉक्टर ताई: शिंदे दादा, ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही आहे का?

शिंदे: क्लोबेटासोल आहे. आणि अजून तीन नावं.

डॉक्टर ताई: हेच ते स्टिरॉइड. त्याने लाली आणि खाज जाते, म्हणून बरं वाटतं. पण गजकर्णाची बुरशी मरत नाही. स्टिरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबून टाकतं, मग ती आतल्या आत पसरते. ट्यूब बंद केली की चट्टा दुप्पट होऊन परत येतो. जांघेत महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि पोटुशी बाईच्या पोटावर असतात तसे वळ उठतात. ते नंतर कधीच जात नाहीत. कॉलेजची मुलं लाजेपोटी सांगत नाहीत आणि वर्षभराने हे घेऊन येतात. २०१८ मध्ये सरकारने असली १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम केला. तरी मिळतात, हे तुम्हीच सांगितलंत.

शिंदे: मग माझ्यासारखे लाखो लोक असतील.

डॉक्टर ताई: आहेत ना. पूर्वी टर्बिनाफिनच्या दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी गजकर्ण जायचं. आता कित्येकांना त्या लागूच पडत नाहीत. या हट्टी बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं. नावातच आपला देश. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे दोन रुग्ण नोंदले गेले.

साठे काका: म्हणजे अंघोळीचा काही संबंध नाही?

डॉक्टर ताई: आहे काका, पण अंघोळीनंतर काय होतं याचा जास्त आहे. बुरशीला ओल आणि ऊब लागते. तीन वेळा अंघोळ करून जांघ, काख, बोटांची बेचकी ओलीच ठेवली आणि वर दमट चड्डी, घट्ट जीन्स चढवली, तर तिची सोयच. घामाचा टीशर्ट बॅगेत रात्रभर कोंबून ठेवणं, घरभर एकच टॉवेल, एकमेकांचे मोजे, हे खरं अस्वच्छ. खसाखसा घासण्याने कातडी सोलवटते, तेवढंच.

साठे काका: माझ्या पायाला चिखल्या आहेत. ते पण हेच का?

डॉक्टर ताई: बहुतेक तेच. आणि तुम्हाला साखर आहे. बेचक्यात चीर पडली की तिथून जंतू शिरतात, पाय लाल होऊन सुजतो, ताप येतो, कधी कधी ॲडमिट व्हावं लागतं. उद्याच या दाखवायला.

नेने काकू (ए-२०२): मला तर वाटतं कामाला येणाऱ्या बायकांमुळे हे पसरतं. त्यांची लिफ्ट वेगळी करा म्हणून मी कधीची सांगतेय.

डॉक्टर ताई: काकू, लिफ्टच्या बटणातून गजकर्ण येत नाही. टॉवेल, चादर, कपडे, अंगाला अंग, असं घरातल्या घरातच जास्त फिरतं. म्हणून घरात ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांनी एकदम उपचार घ्यायचे. उलट दिवसभर आपली भांडी घासून त्या बायकांचीच बोटं कुजतात. हातमोजे कोणी दिलेत का?

नेने काकू: बरं.

डॉक्टर ताई: वहिनी, ओमला दाखवायला आणा. मलम मिळालं की चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे. त्याचे कपडे वेगळे, ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. उलटे करून कडक वाळवा. ऊन नसेल तर इस्त्री, विशेषतः शिवणीवर.

पाटील (बी-४०१): वाळवायचे कुठे, ताई? बाल्कनीत दोरी दिसली की नोटीस. गच्चीला कुलूप. आमच्या हॉलमध्ये चार दिवस कपडे लटकतात, वास मारतात, मग तेच घालून मुलं शाळेत.

कदम वहिनी: आमच्याकडे पण हेच. पंख्याखाली.

सेक्रेटरी: बाल्कनीचा ठराव सर्वसाधारण सभेत झालाय. बिल्डिंगचं एलिव्हेशन खराब दिसतं.

डॉक्टर ताई: साहेब, एलिव्हेशन छान आहे. आत सगळे खाजवतायत.

मोरे: 😂😂

सेक्रेटरी: गच्चीवर मुलं टाकीवर चढतात म्हणून कुलूप लावलंय, हौस म्हणून नाही.

पाटील: टाकीच्या शिडीला वेगळं कुलूप लावा. पलीकडे पत्र्याची शेड रिकामीच आहे, तिथे वारा येतो.

सेक्रेटरी: शेडमध्ये जुने रंगाचे डबे आहेत.

शिंदे: रविवारी मी आणि मोरे काढतो डबे. दोऱ्या पण बांधतो.

सेक्रेटरी: ठीक आहे. गच्चीची किल्ली सोमवारपासून वॉचमनकडे, ९ ते ५. विंगप्रमाणे वार ठरवा. बाल्कनीचं पुढच्या सभेत बघू.

नेने काकू: चिमटे आपापले आणा. गेल्या वेळी माझे निळे सगळे गेले.

मोरे: काकू, ते सी विंगमध्ये नाहीत.

नेने काकू: मी कुठे सी विंग म्हटलं?