साइडमाउंटमध्ये लांब होज नको म्हणणाऱ्यांना

गुहाचर: कालच्या पोस्टमध्ये एका भाऊंनी ठणकावून लिहिलं की गुहेतल्या डायव्हिंगला साइडमाउंटमध्ये (सिलिंडर दोन्ही कुशींना) सात फुटी होज, म्हणजे जोडीदाराला गॅस द्यायची लांब नळी, ही बॅकमाउंटवाल्यांची (सिलिंडर पाठीवर) जुनी खोड आहे. दोन सिलिंडर, दोन स्वतंत्र रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन), मग गॅस संपेलच कसा? आणि संपलाच तर जोडीदाराला अख्खा सिलिंडर काढून द्या. हे वाचून नवी मुलं मेक्सिकोतल्या टुलुमच्या सेनोटेंमध्ये (पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या गुहांत) उतरतील, म्हणून उत्तर देतोय.

सिलिंडर काढून देणं उथळ, स्वच्छ पाण्यात छान जमतं. गुहेत गडबड होते तेव्हा गाळही उठलेला असू शकतो. एका हातात गाइडलाइन (बाहेरची वाट दाखवणारी दोरी), समोरचा तुमच्या खांद्याला चिकटलेला. अशात तुम्ही मागचा बोल्ट स्नॅप (अडकवायचा धातूचा हूक) सोडणार, व्हॉल्व्हवरची बंजी (लवचिक दोरी) काढणार, त्या सिलिंडरवर विंगचा (तरंगायच्या हवेच्या पिशवीचा) इन्फ्लेटर असेल तर तोही काढणार. तोवर तो माणूस श्वास कशावर घेणार? आणि अरुंद जागेतून दोघांना शेजारी शेजारी निघता येत नाही. एकामागे एक निघायचं तर दोन मीटरचा होज लागतोच.

डोहकरी: ते भाऊ मीच. साइडमाउंट वाढलं इंग्लंडातल्या चिखलाच्या अरुंद भुयारांत. तिथे माणूस बहुधा एकटाच जातो, त्याला लांब होज हवा कशाला? एक फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसणारा रेग्युलेटरचा भाग) गेली तर दुसऱ्या बाजूला परतीचा गॅस असतो. फ्रीफ्लो झाला, म्हणजे गॅस आपोआप वाहत सुटला, तर व्हॉल्व्ह काखेतच आहे, दर श्वासाला उघडबंद करून तोही गॅस वापरता येतो. पाठीवरच्या सिलिंडरचं हे जमवून दाखवा. जोडीदाराचा लांब होज हेल्मेटच्या दिव्यात अडकलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. सोडवायला मलाच जावं लागलं.

पाणमांजर: परतीचा गॅस असतो म्हणता, तर हिशोब करू. दोन्हींत २१० बार घेऊन निघालात, एक-तृतीयांश वापरून वळलात, प्रत्येकात १४० उरले. आता जोडीदार उजव्याच्या लांब होजवर, तुम्ही डाव्यावर. आत यायला प्रत्येकाला ७० अधिक ७०, म्हणजे १४० लागले होते. जायलाही तेवढेच. शिल्लक काही नाही, आणि घाबरलेला माणूस नेहमीपेक्षा जास्तच ओढतो. त्यात तुम्ही दोन्ही सिलिंडर सारखे वापरायला करायची रेग्युलेटरची अदलाबदल आळसाने केली असेल, उजव्यात १२० आणि डाव्यात १६०, तर जोडीदार २० बारने कमी पडला. पाठीवरच्या दोन सिलिंडरना जोडणारा मॅनिफोल्ड असता तर दोघांनी एकाच साठ्यातून ओढलं असतं. फ्लोरिडात डेव्हिल्स आयसारख्या ठिकाणी झऱ्याचा प्रवाह बाहेर ढकलतो, सेनोटेंमध्ये तो भरवसा नाही. मी तिथे तिसऱ्या हिश्श्याच्या आधीच वळते. होजच्या आधी यावर भांडा.

कोकणकडा: ताईंचा हिशोब बरोबर. पण खरा घोटाळा बोल्ट स्नॅपचा आहे, त्यावर कुणी बोलत नाही. तुम्ही डाव्या, गळ्यातल्या आखूड रेग्युलेटरवर असता तेव्हा लांब होजचा रेग्युलेटर उजव्या डी-रिंगला (पट्ट्यावरच्या कडीला) बोल्ट स्नॅपने अडकवलेला असतो. समोरचा झडप घालतो तुमच्या तोंडातल्यावर, आणि तो गळ्यात बांधलेला! म्हणून स्नॅप रेग्युलेटरला ओ-रिंगने (रबरी कडीने) बांधा. जोरात ओढला की ओ-रिंग तुटते, रेग्युलेटर हातात.

आणि रिसॉर्टवर साइडमाउंटचं कार्ड घेऊन थेट गुहेतल्या, प्रशिक्षणाशिवाय पुढे जाऊ नका सांगणाऱ्या यमदूताच्या पाटीपलीकडे जाणारे आपले लोक? ते कार्ड गुहेचं नसतं. कितीदा सांगायचं!

डोहकरी: ओ-रिंग?! अरुंद फटीतून घासत जाताना ती आपोआप तुटते आणि तुम्हाला कळतही नाही. रेग्युलेटर खाली गाळातून फरफटत येतो. मग जोडीदाराच्या तोंडात काय देणार, चिखल? केव्ह लाइनने (गाइडलाइनच्या दोरीने) घट्ट बांधा आणि सोडायला शिका.

कोकणकडा: थंड पाण्यात, जाड हातमोजे घालून सोडा मग. आमच्या कोर्सला एकाचा स्नॅप केबल टायने इतका करकचून बांधलेला होता की हलायला जागाच नव्हती. ड्रिलमध्ये तो खेचत राहिला आणि गॅस मागणारा शेवटी स्वतःच्या दुसऱ्या रेग्युलेटरवर परतला. खरा प्रसंग असता तर?

डोहकरी: तो बांधणाऱ्याचा दोष, पद्धतीचा नाही. एका वाईट गाठीवरून सगळ्यांना तुटका माल लावायला सांगणं बेजबाबदारपणा आहे. अशांच्या टीममध्ये मी उतरणार नाही.

कोकणकडा: नका उतरू. जोडीदाराला द्यायला ज्यांच्याकडे लांब होजच नाही, त्यांच्याबरोबर आम्हीही उतरत नाही.

पाणमांजर: दोघंही थांबा. स्नॅपला बंजीचा फास करा आणि माउथपीसच्या मागे रेग्युलेटर त्यात बसवा. ओढला तर निसटतो, घासला तर सहसा टिकतो. फास सैल पडला की बदलायचा. प्रत्येक डाइव्हआधी दोघांनी एकमेकांचा ओढून बघायचा.

डोहकरी: बंजीवर माझा पूर्ण विश्वास नाही, पण ओ-रिंगपेक्षा बरी. आणि हो, टीमने जाताना लांब होज लावतो, इतकं मान्य. एकट्याच्या भुयारी डाइव्हला लावणार नाही, तिथे कितीही धागे काढा.

गुहाचर: एकट्याबद्दल मी बोललोच नव्हतो, पोस्टमध्ये जोडीदाराला सिलिंडर द्या असं तुम्ही लिहिलं होतं. ती ओळ बदला. आणि होज द्यायचं ड्रिल डोळे झाकून, डाव्या हातानेही करा. गाळात उजवा हात गाइडलाइनवर असेल तर डी-रिंगपर्यंत डावाच पोचवावा लागतो, आणि बऱ्याच जणांचा तो पोचत नाही.