मदत हवी आहे: 'नेव्हेया' हे नाव देवनागरीत कसं लिहावं?

नमस्कार मंडळी,
अमेरिकेत असलेल्या माझ्या मावसबहिणीला मुलगी झाली आणि तिने नाव ठरवलंय 'नेव्हेया'. इंग्रजी 'हेवन' (Heaven), म्हणजे स्वर्ग, उलटीकडून लिहिला की हे नाव (Nevaeh) होतं. मला ते मनापासून आवडलं. अर्थ आहे, पण तो लगेच हाती लागत नाही, आणि उच्चार मऊ आहे. शेवटी 'आ' असल्यामुळे मुलीचं नाव म्हणून कानाला परकंही वाटत नाही.

थोडं वाचलं तेव्हा कळलं की १९९९ मध्ये अमेरिकेत जेमतेम आठ मुलींना हे नाव मिळालं होतं. २००० मध्ये पीओडी या बँडचा गायक सनी सँडोव्हल एमटीव्हीवर आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन आला, तिचं नाव त्याने सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी ते तिथल्या मुलींच्या लोकप्रिय नावांत पहिल्या हजारात पोचलं. २००५ मध्ये तर साडेचार हजारांच्या आसपास मुली!

आता अडचण अशी. मावशीला पत्रिकेवर आणि पाळण्यावर नाव मराठीत लिहायचंय. नेव्हेया, नेवेया की नवेया? इंग्रजी उच्चारात जोर 'व्हे'वर येतो आणि पहिलं अक्षर अर्धवट 'न'सारखं ऐकू येतं. शिवाय 'हेवन' देवनागरीत उलटं केलं तर 'नवहे' होतं, म्हणजे जवळजवळ 'नव्हे'! मावशी त्यानेच हिरमुसलीये.

तिथे राहणाऱ्यांनी हे नाव प्रत्यक्ष कसं हाक मारताना ऐकलंय? असं उलटं करून घडवलेलं दुसरं नाव कुणाच्या घरात आहे का?