बी-२०१ च्या गाडीची बॅटरी का उतरते?

रविवार

सेक्रेटरी, सकाळी ७:४०
सर्व सभासदांना नमस्कार. बी-२०१ ची गाडी आज पुन्हा गेटच्या उतारावर ढकलून सुरू करावी लागली. दुधाचा टेम्पो बाहेर खोळंबला. उतारावर शेवाळ धरलंय, ढकलताना कोणी घसरलं तर हातपाय मोडेल. कृपया यावर काहीतरी कायमचं करा.

मी, ७:५२
मनापासून माफी मागतो. तीन आठवड्यांत ही पाचवी वेळ. बॅटरी मे महिन्यात नवी टाकली आहे. रोज फिरवली तर चालते, दोन-तीन दिवस उभी राहिली की चावी फिरवल्यावर नुसतं टक्. गॅरेजमध्ये दाखवली तर म्हणाले डायनामो गेला, बदलून टाका. गाडी २००८ ची, बाबांनी घेतलेली. २०२३ ला पुन्हा पासिंग करून ५ वर्षं वाढवून आणली. ती विकायची नाही हे आमच्या घरात ठरलेलं आहे.

सी-१०१ आजोबा, ८:०५
माका वाटता उंदरांनी वायर खाल्ली असतली. पावसात बॉनेटात ऊब गावता, थंयच येवन बसतत. आमच्या मालवणच्या घराकडे रिक्षाची अशीच खाल्ली होती.

बी-३०४ वहिनी, ८:११
भाऊजी, गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून बघा. बंद पडली तर डायनामो गेला. माझ्या माहेरी असंच बघतात.

ए-३०३ काका, ८:१३
टर्मिनल काढू नका. कोणीच नका काढू. चालू गाडीत बॅटरी सुटली की डायनामोचा व्होल्टेज एकदम उसळतो. जुन्या डिझेल जीपमध्ये ते खपून जायचं. या गाडीत ईसीएम आहे, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. तो उडाला तर डायनामो स्वस्त वाटेल.

बाळा, बदलाबदली करण्याआधी मोजूया. मी मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या लाँचवर २८ वर्षं वायरिंग केलं. अंदाजाने सामान बदलणाऱ्याचे पैसे समुद्रात जातात हे डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्याकडे मल्टिमीटर आहे?

मी, ८:१५
नाही काका.

ए-३०३ काका, ८:१६
माझा घेऊन जा. गाडी आत्ता चार्ज करून घे. संध्याकाळी दोन आकडे सांग, एक गाडी बंद असताना आणि एक चालू असताना. डीसी २० व्होल्टवर ठेव, लाल पिन प्लसला, काळी मायनसला.

मी, संध्याकाळी ६:३०
चार्जिंग करून दोन तास ठेवली. बंद असताना १२.६. चालू केल्यावर १४.१. हेडलाइट आणि पंखा लावला तरी १३.८.

ए-३०३ काका, ६:४१
म्हणजे डायनामो ठणठणीत आहे. १३.८ ते १४.५ च्या मध्ये असला की तो त्याचं काम करतोय. बॅटरीही १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ दिसले असते तर निम्मी, १२ ला जवळजवळ रिकामी. डायनामोचे पैसे वाचले तुझे. गाडी झोपलेली असताना कोणीतरी करंट पितंय, ते शोधायचं.

उद्या असं कर. हातातलं घड्याळ, अंगठी काढून ठेव. चावी काढलेली, दारं लावलेली. मायनसची केबल सोडव, नेहमी मायनसच आधी. मग मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाल, आणि सुटलेली केबल व बॅटरीचा मायनस यांच्या मधे मीटर जोड. जो करंट वाहील तो मीटरमधून जाईल. दहा मिनिटं थांब, मग आकडा वाच.

मीटर असा जोडलेला असताना चावी लावायची नाही, सेल्फ (स्टार्टर) तर मुळीच नाही, मीटरचा फ्यूज जाईल. आणि लाल पिन १० अँपिअरमध्ये असताना चुकूनही बॅटरीच्या प्लस-मायनसला एकदम लावू नको, ते सरळ शॉर्ट होतं.

सोमवार

मी, रात्री ८:२०
काका, ०.४३ अँपिअर.

ए-३०३ काका, ८:२२
सापडला चोर. म्हणजे घरात आहे एवढं कळलं. घड्याळ आणि टेपची मेमरी मिळून ०.०२, ०.०३ चालतं. ०.०५ च्या वर गेलं की शोधायला लागायचं. तुझं ०.४३ आहे. २४ ने गुणलं की दिवसाला १० एएच, म्हणजे अँपिअर-तास. बॅटरी किती एएच?

मी, ८:२३
३५.

ए-३०३ काका, ८:२५
दोन दिवसांत निम्म्याहून जास्त गेली. तिसऱ्या दिवशी टक्. तू सांगतोस तसंच होतंय.

आता मीटर तसाच ठेवून एकेक फ्यूज उपटायचा. ज्या फ्यूजला आकडा कोसळेल ती लाइन.

सी-२०२, ८:३१
फ्यूजचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या गाडीचा हॉर्नचा फ्यूज सारखा जातो. मेकॅनिकने वायरचा तुकडा टाकून दिलाय. चालतंय तसं?

ए-३०३ काका, ८:३४
नाही चालत. आज रात्रीच काढा तो तुकडा. फ्यूज हॉर्नसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर तापून पेटायच्या आधी त्याने मरायचं, एवढंच त्याचं काम. तुकडा टाकला की वायरच फ्यूज होते, आणि ती डॅशबोर्डच्या आत आहे. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जो रंग होता तोच घाला.

तुमचा शॉर्ट शोधायची सोपी रीत सांगतो. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा. हॉर्न न दाबता बल्ब भगभगीत पेटला तर शॉर्ट आहेच. मग वायरचा जुडगा हाताने ठिकठिकाणी हलवत जा. जिथे बल्ब विझेल तिथे वायर पत्र्याला घासतेय. बल्ब करंट अडवून धरतो म्हणून वायर जळत नाही. पिवळ्या नळीतल्या वायरीला मात्र हात लावू नका, त्या एअरबॅगच्या.

सी-२०२, ८:३६
आत्ताच खाली जातो.

मंगळवार

मी, रात्री ९:०५
फ्यूज बॉक्स स्टिअरिंगच्या खाली आहे. दार उघडलं की आतला दिवा लागतो आणि आकडा बदलतो. म्हणून दिव्याचा स्विच बंद करून, दार ओढून घेऊन मी आत बसलो. आई बॉनेटपाशी छत्री घेऊन मीटरवर डोळा ठेवून, फोनवर आकडे सांगत होती. ०.४३, ०.४३, ०.४३. नवव्या फ्यूजला म्हणाली, "अरे, ०.०२ झालं." निळा, १५ चा. झाकणावर रूम लाइट आणि टेप लिहिलंय.

आई, ९:०७
मी दोनदा घालायला-काढायला लावून खात्री केली भाऊजी. दोन्ही वेळा तेच.

ए-३०३ काका, ९:१०
वहिनी, शाबास. एकदा आलेल्या आकड्यावर मीही विश्वास ठेवत नाही.

मी, ९:१४
टेप मागून काढून बघितला, फरक नाही. रूम लाइट बंदच आहे. आता?

ए-३०३ काका, ९:२०
त्या फ्यूजवर आणखी काय आहे ते बघ. झाकणावर सगळं लिहीत नाहीत. ०.४३ मधून ०.०२ वजा कर, राहिले ०.४१. बाराने गुण. साधारण ५ वॅट. ५ वॅटचा बल्ब कुठे कुठे असतो गाडीत? नंबर प्लेटला, पार्किंगला, आतल्या दिव्याला. आणि डिकीत.

मी, ९:२१
डिकीतला लागलाच नाही कधी. म्हणजे मी पाहिला नाही.

ए-३०३ काका, ९:२२
डिकी बंद असताना पाहिलास?

मी, ९:४८
काका, मोबाइलवर व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवला आणि डिकी लावली. मिनिटभराने काढला. आत लख्ख उजेड आहे. बाबांची जुनी ताडपत्री, जॅक, सगळं स्वच्छ दिसतंय. उघडी असताना दिवसा त्यावर ऊन पडतं, म्हणून लक्षातच आलं नाही. रात्रंदिवस जळत होता तो.

बी-३०४ वहिनी, ९:५०
अगं बाई! तीन आठवडे!

मी, ९:५६
कुलपातला स्विच गंजून अडकलाय. डिकीचं रबर एका कोपऱ्यात फाटलंय, पाणी तिथून उतरतं. सध्या बल्ब काढून ठेवला. आकडा ०.०२.

शनिवार

मी, सकाळी ७:१०
काका, वाईट बातमी. चार दिवस नीट चालली. काल रात्रभर धो धो पडला आणि आज पुन्हा टक्. बॅटरी १२.५ दाखवतेय तरीही.

सेक्रेटरी, ७:१४
आज ढकलू नका, उताराला फार पाणी आहे. मी बाहेर जाणार आहे, आईंना मारुती मंदिरापर्यंत सोडतो.

ए-३०३ काका, ७:२०
वाईट कसली, हा दुसरा दोष आहे. पहिल्याच्या मागे लपला होता. एक सांग, सेल्फ मारताना हेडलाइट लावून ठेव. मंद होतो का?

मी, ७:२४
जराही नाही. तसाच प्रखर.

ए-३०३ काका, ७:२६
मग बॅटरीचा दोष नाही. बॅटरी मेली असती तर दिवा डोळे मिटून बसला असता. सेल्फपर्यंत करंट पोहोचतच नाहीये. आलोच खाली.

मी, दुपारी १:३०
सगळ्यांना उपयोग होईल म्हणून नीट लिहितो.

काकांनी आधी गाडी न्यूट्रलला घेऊन हँडब्रेक लावायला सांगितला आणि इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे तपासताना इंजिन सुरू होऊ नये. मीटर व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या गड्ड्यावर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. म्हणाले, मार सेल्फ. मीटरवर ३.८ व्होल्ट आले. मला कळलं नाही. काका म्हणाले, ही दोन्ही ठिकाणं एकच असायला हवीत, एवढा भार असताना फार तर ०.२, ०.३ दिसावेत. ३.८ म्हणजे मधली अर्थिंग, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंतची जोडणी, कुजली आहे.

मी विचारलं, ओहममध्ये मोजलं तर? त्यांनी मोजून दाखवलं. ०.१ आणि ०.२ च्या मधे हलत राहिला. पिना नुसत्या एकमेकींना टेकवल्या तरी तेवढेच येतात. सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो. वाटेत ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि ०.०२ हा मीटर दाखवूच शकत नाही. म्हणून करंट वाहत असतानाच व्होल्ट बघायचे. ही गोष्ट मी आयुष्यात विसरणार नाही.

मग जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला लावलं आणि पंपाचा फ्यूज परत घातला. पहिल्या सेल्फला सुरू.

इंजिन आणि बॉडी यांच्यातली विणलेली पट्टी काढली. वरून काळपट, चिखल लागलेली, पण अखंड. टोकाचा लग (बोल्टला बसणारी धातूची कडी) वाकवला तर आतून हिरवी भुकटी सांडली, शेवाळाच्या रंगाची. तांब्याच्या तारा बोटात चुरडल्या, पापडासारख्या. सोळा-सतरा तारा काय त्या धरून होत्या. कोरडं असताना तेवढ्यावर भागायचं. भिजलं, गंज फुगला की संपलं.

ए-३०३ काका, १:४४
भाट्याच्या खाडीवरून वारा थेट आपल्या पार्किंगात येतो. मीठ हवेतूनच येतं, पाण्यात बुडायला लागत नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बाकीचे महिने खारी हवा. पुण्याच्या गाडीची पट्टी वीस वर्षं टिकते म्हणून इथली टिकेल असं नाही. रत्नागिरीत गाडी अडली की मी आधी अर्थ बघतो, मग बाकी सगळं.

लाँचवर आम्ही साधी तांब्याची वायर वापरत नसू. प्रत्येक तारेला कथिलाचा मुलामा असलेली वापरायची. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात ना, तसंच. मी घरातून २५ स्क्वेअर एमएमचा तसा तुकडा आणला, दोन्ही बाजूंना लग दाबले, वर गोंदाची श्रिंक नळी (गरम केली की आवळते ती) चढवली. पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने खरवडून धातू चकचकीत केला, बोल्ट आवळला, आणि मग वरून व्हॅसलीन थापलं. आधी आवळायचं, मग व्हॅसलीन. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-निळं फुललेलं होतं ते खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, आत सेलमध्ये थेंब जाऊ न देता.

मी, १:४७
नंतर सेल्फ मारताना तो ३.८ व्होल्टचा आकडा ०.१४ वर आला.

आई, १:५०
भाऊजी, ह्यांनी ही गाडी पहिल्यांदा गणपतीपुळ्याला नेली होती. तिला काढा काढा म्हणणारे खूप भेटले. तुम्ही पहिले, ज्यांनी तिला वाकून पाहिलं. संध्याकाळी घावणे करते, जेवायलाच या.

ए-३०३ काका, १:५८
येतो वहिनी. डिकीच्या रबराचं मात्र पावसाळा संपायची वाट बघू नकोस रे, पाणी आलं की नवा स्विचही अडकेल.

सी-१०१ आजोबा, २:०४
उंदीर न्हवतो तर. पण बॉनेट उघडून बघत रवा हां.

पुढच्या महिन्यात, रविवार

मी, सकाळी ६:५५
काका, आम्ही आठ दिवस मुंबईला होतो, गाडी इथेच पार्किंगात. रात्रभर पाऊस होता. आत्ता बॅटरी १२.५, पहिल्या सेल्फला सुरू झाली. रबर आणि स्विच दोन्ही नवे टाकले. डिकी लावून पुन्हा फोन आत ठेवून पाहिला, काळोख आहे.

सी-२०२, ७:०३
मीटर मोकळा झाला असेल तर मला हवाय. हॉर्नची वायर स्टिअरिंगखाली पत्र्याला घासलेली सापडली, पण डावा हेडलाइट मंद आहे. आधी अर्थ बघू ना काका?

ए-३०३ काका, ७:०५
आधी अर्थ. दिवा लावून ठेव, व्होल्टवर बघ. नऊ वाजता उतरतो.