अनुभव धागा : स्केचबुक आणि जलरंगांचा रोजचा सराव

‘रोज काढत राहा, आपोआप सुचेल’ असं सगळेच सांगतात. पण रोज काढायचं काय, किती वेळ, कशावर, आणि गाडी अडते कुठे? तेवढंच लिहा. ‘लहानपणापासून आवड होती’ हे कृपया वगळा, कृती हवी.

रेघोट्या
विषय शोधण्यातच निम्मा वेळ जातो, म्हणून महिनाभर विषय एकच ठेवा. साधा तांब्या चालेल. रोज 20 मिनिटं, आणि आदल्या दिवशीपेक्षा एकच गोष्ट बदलायची: उजेडाची बाजू, नजरेची पातळी, नाहीतर साधन. एकदम दोन गोष्टी बदलल्या की चित्र का जमलं किंवा का फसलं, ते कळत नाही.
हमखास होणारी चूक बुडाची. तोंडाचं लंबवर्तुळ नीट काढतात आणि बूड सरळ रेघेवर टेकवून मोकळे होतात. तांब्या नजरेखाली असेल तर बुडाचा वक्र तोंडापेक्षा जास्त गोलाकार दिसतो, कारण तो नजरेच्या पातळीपासून आणखी खाली असतो. लंबवर्तुळाची टोकंही टोकदार नसतात, वळतात. एका पानावर नुसती 30 लंबवर्तुळं खांद्यातून हात फिरवत काढली, तर आठवड्यात फरक दिसतो.
दोनेक आठवड्यांत सरळसोट कोन संपतात. मग तांब्या अर्धा चौकटीबाहेर जातो, किंवा तांब्या न काढता नुसती त्याची सावली काढावीशी वाटते. ते होईपर्यंत विषय बदलू नका.

एसटी स्टँड
माणसं काढायला फलाटासारखी जागा नाही. सुरुवातीला 30 सेकंदांची दहा, मग 1 मिनिटाची पाच, शेवटी 5 मिनिटांचं एक चित्र. आधी पाठीच्या कण्याची रेघ, मग खांदे आणि कंबर यांचे तिरके कल, मग वजन कुठल्या पायावर आहे ते. चेहरा शेवटी, तोही उरला वेळ तर. बॉलपेन वापरा, खोडायची सोयच राहत नाही. माणूस मध्येच उठून गेला तर अपुरं चित्र तसंच सोडा आणि त्याच पानावर दुसरं सुरू करा.

ओलावा
जलरंगात सगळ्यात आधी कागद. 300 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन 300 ग्रॅम) घ्या, त्याहून पातळ कागद पाण्याने फुगून लाटा धरतो आणि रंग खळग्यांत साचतो. पूर्ण सुती कागद महाग पडतो, त्यामुळे तो वाया जाईल या भीतीने हात आखडतो. सरावाला अर्धवट सुती कागद A5 आकारात कापून ठेवा.
रंग लावण्याआधी 5 बाय 7 सेंटीमीटरची तीन छोटी चित्रं पेन्सिलीने काढायची. प्रत्येकाला दोन मिनिटं, आणि छटा तीनच: कागदाचा पांढरा, मधली, गडद. पहिली मांडणी बहुतेक वेळा आधी कुठेतरी पाहिलेलीच असते. दुसरीत थोडी मोडतोड होते, तिसरी आपली. म्हणून तीन, एक नाही.
रंग दोनच: अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तपकिरी). निळा जास्त घातला की थंड राखाडी, तपकिरी जास्त घातला की उबदार, आणि दोन्ही दाट घेतले की जवळपास काळा. हिरवा नाही, पिवळा नाही, मग झाड दाखवायचं कसं, ही अडचण मुद्दाम ठेवायची. छटांवरच सगळी भिस्त राहते. महिन्याने तिसरा रंग घ्या.
आता फुलकोबी. रंग अर्धवट सुकत असताना जास्त पाण्याचा कुंचला टेकवला की पाणी रंगाचे कण ढकलत पसरतं आणि दातेरी कडेचा, फुलकोबीसारखा डाग उठतो. कागद तिरका धरून पाहा. चकाकत असेल तर रंग सोडता येतो. चकाकी नुकतीच गेली असेल, तर पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. शिवाय जलरंग सुकल्यावर फिका होतो, त्यामुळे ओला असताना थोडा जास्त गडद वाटला पाहिजे.

कोकणपट्टा
वरचं सगळं जुलैत आमच्याकडे लागू नाही! दमट हवेत एक थर सुकायला तास जातो. पावसाळ्यात ओल्यावर ओलं (ओल्या कागदावरच ओला रंग सोडत) काम करा, नाहीतर सरळ पेन घ्या. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह झिपच्या पिशवीत ठेवा. दमटपणाने कागदाची खळ (पाणी लगेच मुरू न देणारा लेप) उतरली तर तो टिपकागदासारखा रंग पितो आणि चित्रभर ठिपके उमटतात. तसा कागद दुरुस्त होत नाही, कोळसा-पेन्सिलीला वापरा. रंगांची डबी ओली असताना बंद केली की बुरशी आलीच.

काळी शाई
पेनाने काढलेल्या रेघांवर जलरंग चढवणार असाल तर शाई पाण्याने न सुटणारी हवी. साधी फाउंटन पेनची शाई पसरते. मात्र लाखेची इंडियन इंक फाउंटन पेनात भरू नका, पेन कायमचं तुंबतं. ती टाकासाठी, म्हणजे शाईत बुडवून वापरायच्या लेखणीसाठी.

ग्रेडवाले
एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा झाल्या की स्मरणचित्र (आठवून काढायचं चित्र) सगळे सोडून देतात, आणि नेमकं तेच चालू ठेवायला हवं. समोर बघून काढताना डोळा सगळं पुरवतो, काय गाळायचं ते ठरवावं लागत नाही. पद्धत: भाजीचा गाडा 2 मिनिटं नुसता पाहा, मोठे आकार मनात मोजा (छत्री, तराजू, ढिगांची उतरंड). घरी आल्यावर 10 मिनिटांत काढा. दुसऱ्या दिवशी गाड्यापाशी जाऊन त्याच चित्रावर लाल पेनाने दुरुस्त्या करा. गाड्याची चाकं आणि माणसाची उंची यांचं प्रमाण बहुधा चुकलेलं असतं. पण काही चुका चित्राला शोभतात, त्यांना लाल पेन लावू नका. त्या वेगळ्या वहीत उतरवून तारीख घाला, पुढच्या मांडण्यांना त्याच उपयोगी पडतात.