इलेक्ट्रॉनचा हिशोब जुळत नाही

वर एकाने लिहिलंय की न्यूट्रॉन म्हणजे प्रोटॉनमध्ये कोंबलेला इलेक्ट्रॉन, म्हणून तो प्रोटॉनपेक्षा जड. आमच्या सोलापुरात क्लासमध्येपण हेच ऐकवतात, पण आकडे बघा की ओ, दोघांच्या वस्तुमानातला फरक १.२९३ एमईव्ही (एवढ्या बारीक कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) अन् इलेक्ट्रॉन जेमतेम ०.५११ चा, मग उरलेलं कुठनं आलं?

खरंतर चार्ज प्रोटॉनवर आहे, न्यूट्रॉनवर नाही, त्यामुळे प्रोटॉनच जड व्हायला पाहिजे, पण हे दोन्ही क्वार्क नावाच्या आणखी बारीक कणांचे बनलेत, न्यूट्रॉनमध्ये डाऊन क्वार्क दोन, अप एक, प्रोटॉनमध्ये उलटं, आणि डाऊन अपपेक्षा जड, तिथं पारडं फिरतं. २०१५ मध्ये सुपरकॉम्प्युटरवर हे गणित केलं तेव्हा क्वार्कांच्या फरकामुळे न्यूट्रॉनच्या बाजूनं साधारण २.५ एमईव्हीची वाढ अन् चार्जमुळे १ ची घट निघाली, म्हणजे दीडच्या आसपास, एरर धरून मोजलेल्या आकड्याशी जुळतंय. क्लासवाल्यांना हे कोण सांगणार!