वीज कायद्याच्या मसुद्यांवर हरकती पाठवायला वकिलांचं एवढं बिल? तुम्ही कसं आवरता?

फाईलवाली_ताई:
नमस्कार मंडळी, आमची पुण्यातली छोटी सोलर कंपनी आहे, ओपन अ‍ॅक्सेसमधून, म्हणजे वितरण कंपनीच्या तारा वापरून थेट कारखान्यांना वीज विकतो. लीगलला मी आणि एक ट्रेनी, बस. कोर्टाच्या केसचा खर्च साहेबांना कळतो, तारीख पडते, ऑर्डर येते, पण कायद्याच्या मसुद्यांचं काम त्यांच्या डोक्यात बसतच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने वीज कायदा दुरुस्तीचा नवा मसुदा काढला, त्यातच इकडे एमईआरसीच्या (राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या) रेग्युलेशनचं चालू होतं, म्हणून दिल्लीच्या एका फर्मला दोन्ही काम दिलं, ताशी रेटने. बिल आलं ६ लाख ४० हजार. त्यात एक ओळ अशी, "मसुद्याचे वाचन व अंतर्गत चर्चा", चार वकील, प्रत्येकी साडेतीन तास. म्हणजे चौघांनी एकमेकांना वाचून दाखवलं ते पण आमच्या पैशाने. आणि हातात काय, तर ११ पानी हरकती, त्यातली ९ पानं आमच्या असोसिएशनने पाठवलेल्या पत्रात आहेत तीच. सीएफओ म्हणतात विधेयक पास झालं का, नाही ना, मग पैसे कशाचे. त्यांना काय सांगू, २०१४ चं विधेयक गेलं, २०२२ चं लोकसभेत मांडून स्थायी समितीकडे गेलं आणि लोकसभेबरोबरच संपलं. दर वेळी नव्याने पैसे मोजायचे का? तुमच्याकडे काय पद्धत आहे?

पवनचक्की_जुना:
ताई, मी १४ वर्षं विंडमध्ये होतो, हेच भोगलंय. चूक फर्मची आहेच पण आधी आपली आहे, आपण काय करतो, मेल टाकतो "प्लीज रिव्ह्यू अँड अ‍ॅडव्हाइज" आणि ६० पानांची पीडीएफ जोडतो. मग ते सगळं वाचणारच की, मीटर चालू.

आम्ही नंतर असं केलं की मसुदा आला की पहिले तीन दिवस बाहेर कोणालाच पाठवायचा नाही. कमर्शिअलचा एक, साइटचा एक आणि मी, चहा घेऊन बसायचो आणि प्रत्येक कलमासमोर एकच प्रश्न, आपल्या कुठल्या पीपीएला (वीज विक्रीच्या कराराला) हे लागतं आणि युनिटमागे किती पैसे जातात किंवा येतात. क्रॉस सबसिडी सरचार्ज (बाहेरून वीज घेणाऱ्या ग्राहकावर लागणारा जादा आकार), बँकिंगचे स्लॉट (जास्तीची वीज ग्रिडमध्ये जमा ठेवून नंतर वापरायच्या वेळा), हे तुमच्या बिलिंगच्या पोराला दिल्लीच्या पार्टनरपेक्षा जास्त कळतं, खरं सांगतो. ६० पानांतून चार-पाच कलमं उरतात. त्यातली दोन असोसिएशन बघतेच आहे, तिथे वर्गणी भरलीय ना, मग वसूल करा. आणि प्रयास या संस्थेच्या वीज विषयावरच्या सूचना त्यांच्या साइटवर फुकट असतात, पुण्याचेच आहेत, ग्राहकाच्या बाजूने लिहितात म्हणून आपल्याला पटेलच असं नाही पण समोरून काय येणार ते आधीच कळतं.

बाहेर पाठवायचं ते फक्त खरा कायद्याचा प्रश्न असेल तर. उदाहरण देतो, २०२२ चे ग्रीन ओपन अ‍ॅक्सेस रूल्स आठवा, ओपन अ‍ॅक्सेससाठी किमान मागणीची मर्यादा १०० किलोवॅटवर आली, लहान ग्राहकही मिळणार म्हणून आपण सगळे नाचलो, आणि डिसेंबर २०२४ ला कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केले, मुद्दा काय तर ओपन अ‍ॅक्सेस हा वीज कायद्याच्या कलम ४२ खाली राज्य आयोगाचा विषय, केंद्राला कलम १७६ खाली असे नियम करता येतात का. असल्या प्रश्नाला चांगल्या वकिलाला पैसे द्यावेत, हात आखडू नये. पण "कलम अमुकमध्ये तमुक शब्द घालावा" हे लिहायला वकील कशाला हवा? हरकत कोणीही पाठवू शकतं, वकालतनामा लागत नाही. आयोगाच्या जनसुनावणीला आम्ही एकदा साइट इंजिनिअर उभा केला, सहा मिनिटं बोलला, सदस्यांनी त्यालाच उलट प्रश्न विचारले.

सीए_डोंबिवली:
एक गोष्ट सगळे विसरतात. वकिलांच्या फर्मच्या फीवर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरायचा असतो, आणि वीज विक्री जीएसटीतून माफ आहे म्हणून त्याचं क्रेडिट मिळत नाही. सरळ खर्च. ६ लाख ४० हजारावर १ लाख १५ हजार २०० वेगळे. तुमच्या सीएफओंना माहीत असेल पण लीगलच्या बजेटमध्ये धरलेत का ते बघा, नसणार.

रोखठोक७७:
एवढं कशाला, सक्सेस फी ठेवा. आपल्याला हवं ते कलम आलं तर पैसे, नाही तर नाही. चार वकील चर्चा करतात का बघू मग.

काळा_कोट:
रोखठोक, असलं कोणाला सुचवू नका राव. केसच्या निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे, ते कोर्टापुरतं आहे असं कोणी म्हणेल, पण कायदा बदलून आणला तर बक्षीस असा करार कागदावर कसा दिसतो विचार करा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कंपनी स्वतः आरोपी होऊ शकते, कलम ९ वाचा. बिलात "लायझन" किंवा "मीटिंग फॅसिलिटेशन" असं मोघम दिसलं तर तिथेच थांबवा, कोणाला भेटले, कशासाठी, लिहून घ्या.

ताई, तुम्ही ताशी रेट सोडा. एका मसुद्याला एक ठरलेली रक्कम, त्यात कोण दोन जण काम करणार त्यांची नावं, आणि त्या रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेले की आधी मेल, मग पुढचं काम. आपसातल्या चर्चेचे पैसे नाहीत हे एंगेजमेंट लेटरमध्येच टाका. मी स्वतः फर्ममध्ये होतो, अशी पत्रं आली की आम्ही कुरकुरायचो आणि सही करायचो 🙂

अजून एक, त्यांच्या एस्टिमेटमध्ये पुढच्या टप्प्याला काय लिहिलंय बघा. आयोगाच्या रेग्युलेशनला एपटेलमध्ये (वीज अपील न्यायाधिकरणात) आव्हान देता येत नाही, हायकोर्टात रिटच करावी लागते, पीटीसी इंडियाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१० लाच सांगितलंय.

फाईलवाली_ताई:
अहो काळा कोट, एस्टिमेट काढून बघितलं, पान तीनवर चक्क "अपील, एपटेल" म्हणून आकडा आहे, रेग्युलेशनच्या कामाखाली!! हसावं का रडावं.

बाकी, ट्रेनीला घेऊन पवनचक्की काकांसारखा तक्ता केला, कलम, कुठला पीपीए, युनिटमागे किती पैसे. पाच कलमं उरली, त्यातली तीन असोसिएशनच्या पत्रात आहेतच. पुढच्या मसुद्याला ठरलेली रक्कम घ्यायला फर्म तयार झालीय. आणि त्या १४ तासांबद्दल फक्त दोन ओळींचा मेल टाकला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी सुधारित बिल हजर, तीन वकिलांचे तास काढलेले, एका शब्दाने भांडले नाहीत. एवढ्या पटकन काढले म्हणजे गेल्या दोन वर्षांची बिलं पण आता उघडून बसावं लागणार.